मातीला पैसे कोण देणार? सातारा-सांगलीत मुलांसाठी ‘हंगामी बाग’ चालवण्याचा व्यवसाय



मुलांसाठी बागकाम आणि निसर्ग उपक्रम, हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. तो पुण्या-मुंबईहून येत नाही. कराड, वाई, विटा, तासगाव, पलूस इथून येतो. "सर, आमच्याकडं प्रत्येकाची शेती आहे. ज्याची नाही त्याच्या मामाची आहे. मग पोराला मातीत हात घालायला कोण पैसे देणार?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मातीला कुणी पैसे देणार नाही. पुण्यातला माणूस एक दिवस शेतावर यायला, बैलगाडीत बसायला, पिठलं-भाकरी खायला पैसे देतो, कारण त्याच्याकडे ते नाही. तेच मॉडेल उचलून तुम्ही सातारा शहरात किंवा सांगलीच्या विश्रामबागेत विकायला गेलात तर पहिल्या रविवारी नातेवाईक येतील, दुसऱ्या रविवारी कुणी येणार नाही.

पण आता मला एक सांगा. त्या मामाच्या शेतात आहे काय? बहुतेक ठिकाणी ऊस आहे. आडसाली लावला असेल तर सोळा-अठरा महिने रानात उभा. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून तो केव्हाच गेलेला असतो, आणि पानं हाताला कापतात ते वेगळंच. तासगाव-मिरज भागात द्राक्षबाग आहे, तिथे फवारणीचं वेळापत्रक चालू असतं, म्हणून घरचेच म्हणतात, "बागेत जाऊ नको." भाजी? ती बाजारातून येते. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलालाही भुईमुगाला फूल वर येतं आणि शेंग खाली धरते हे माहीत नसतं. त्या फुलामागून आऱ्या निघतात, खाली वाकून मातीत शिरतात आणि तिथे शेंग होते. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं मूल आयुष्यभर विसरत नाही.

तर आपल्या भागात माती फुकट आहे. महाग काय आहे? एका मुलाला एकाच वाफ्याशी अख्खा हंगाम बांधून ठेवणारा माणूस. पेरणीपासून काढणीपर्यंत. आईवडिलांना तेवढा वेळ नाही, आजोबांना तेवढी ताकद नाही, शाळेला तेवढी जागा नाही. ही जागा तुमची. ‘एक दिवसाची सहल’ विकू नका, ‘एक हंगाम’ विका.

ही कल्पना काही नवीन नाही

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. आज आपण त्या नावाखाली टेबल-खुर्च्या आणि होमवर्क बघतो, पण फ्रोबेलच्या कल्पनेत खरीखुरी बाग होती, प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि सगळ्यांचा मिळून एक वाफा. आपला ‘बालवाडी’ हा शब्द घ्या. त्यातली ‘वाडी’ म्हणजे झाडांची वाडी. ती झाडं कुठे गेली कुणास ठाऊक!

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनने १९१४ साली मुलांची बाग सुरू केली. ती आजही चालू आहे. तिथे मुलं एका दिवसासाठी येत नाहीत. वसंतात पेरतात, पुढचे महिने येत राहतात, शेवटी आपल्या वाफ्यातली भाजी घरी नेतात. शंभर वर्षांहून जास्त टिकलेलं हे मॉडेल बघा, ते हंगामावर उभं आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला कुरणात जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हे नाव तिथलं. व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक जिथे आहे तिथे दुकान मांडलं.

आणि साताऱ्याच्या माणसाला कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल मी काय सांगू? १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये मुख्यालय साताऱ्याला आलं, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथूनच महाराष्ट्रभर गेली. मुलं रानात राबायची आणि शिकायची. ती गरज होती, हौस नव्हती, हे विसरायचं नाही. पण त्यामुळे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. ‘पोरानं हाताला माती लावली तर त्यात कमीपणा नाही’ हे इथल्या आजोबांना पटवून द्यावं लागत नाही. तुमची जाहिरात आईवडिलांसाठी करा, पण नावनोंदणीच्या दिवशी आजोबांना बोलवा. घरातून होकार तिथून येतो.

आपल्या दोन जिल्ह्यांचं हंगामी पंचांग

आता मुख्य माल. उद्योजक म्हणून तुमच्याकडे जे भांडवल आहे ते म्हणजे हे दोन जिल्हे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. सांगलीत शिराळ्याकडे पावसाची झड आणि जत-आटपाडीला आभाळाकडे डोळे. म्हणून कुणाचा तरी तयार अभ्यासक्रम विकत घेऊ नका. तुमच्या तालुक्याचा पाऊस हाच तुमचा अभ्यासक्रम.

पावसाळी तुकडी जूनच्या शेवटी सुरू करा आणि दसऱ्यापर्यंत चालवा. दर पंधरा दिवसांनी एक रविवार, असे आठ रविवार. मुख्य पीक भुईमूग. पेरल्यावर महिन्याभराने फुलं येतात, मग आऱ्या, आणि शंभर-एकशेदहा दिवसांनी उपटायचा. पण मूल शंभर दिवस नुसती वाट बघणार नाही, म्हणून सोबत झटपट काहीतरी हवं. माठ किंवा मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघते, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. म्हणजे तिसऱ्याच रविवारी मूल आपल्या हाताने उपटलेली एक जुडी घेऊन घरी जातं. ही पहिली जुडी फार महत्त्वाची. त्या रात्री घरात तीच भाजी होते, फोटो काढले जातात, शेजारी विचारतात. याच्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. जोराच्या पावसात मेथी कुजते, त्यामुळे साताऱ्याच्या पश्चिमेला असाल तर गादीवाफे उंच करा किंवा मेथी हिवाळ्यावर टाका.

झेंडू जरूर घ्या. जुलैच्या सुरुवातीला बी टाकलं, तीन-चार आठवड्यांनी रोप वाफ्यात लावलं, की दसऱ्याच्या आसपास फुलं हातात. दसऱ्याला दाराला लागणारं तोरण मुलाच्या वाफ्यातलं, हे आईला सांगून बघा. फी किती हे ती नंतर विचारेल.

मधले सण सोडू नका, ते तयार धडे आहेत. आषाढातला बेंदूर आला की मातीचे बैल करायचे. मिरजेच्या पुढे काही गावांत कर्नाटकी बेंदूर त्याआधी महिनाभर येतो, तोही पाळा. आणि घटस्थापना! प्रत्येक घरात मातीत धान्य पेरलं जातं, दोन-तीन दिवसांत मोड येतात, नवव्या दिवशी वीतभर पिवळट-हिरवं रान उभं राहतं. घट देवघरात अंधाराकडेला असतो म्हणून ते पिवळं पडतं, हे मुलांना कुणी सांगत नाही. एक घट उजेडात, एक सावलीत, एक कोरडा, असे तीन घट करून ठेवा. विज्ञानाचा तास झाला, आणि खर्च शून्य.

सांगलीकरांसाठी हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कसबे डिग्रजला हळदीवर संशोधन चालतं, हरिपूरची जमिनीखालची पेवं तर सगळ्यांना ऐकून माहीत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण, जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. आठ-नऊ महिन्यांचं पीक तुकडीच्या वेळापत्रकात बसत नाही, म्हणून ते पिशवीत लावून मुलाच्या घरी द्या. गॅलरीत वाढू दे. फेब्रुवारीत सगळ्यांनी आपापली पिशवी घेऊन यायचं, उलटी करायची, धुवायची, शिजवायची, वाळवायची. यात गंमत अशी की मे महिन्यात पिशवी घेतलेलं कुटुंब फेब्रुवारीपर्यंत तुमच्याशी बांधलेलं राहतं. व्यवसायात याला टिकून राहिलेला ग्राहक म्हणतात, आणि तो एका हळकुंडात मिळतोय.

कोरेगावकडे असाल तर वाघ्या घेवडा लावा. त्यालाही मानांकन आहे आणि त्याचे पट्टेदार दाणे मुलं गोट्यांसारखे जपून ठेवतात. हिवाळ्यात माण-खटाव, जत-आटपाडीत शाळूचा हुरडा. वाई-महाबळेश्वरच्या बाजूला स्ट्रॉबेरी, एक रोप एका कुंडीत. पक्ष्यांसाठी मायणीचा तलाव. आणि सागरेश्वर! उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने लोकांनी झाडं लावली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. जंगल माणसं तयार करू शकतात हे दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि ती कडेगाव-पलूसपासून हाकेच्या अंतरावर आहे.

उन्हाळ्यात सांगलीत सकाळी सात ते नऊ, त्यापुढे एक मिनिट नाही. बिया गोळा करणं, वाळवणं, पुड्या बांधणं, खत कुजवणं ही कामं तेव्हाची.

कासबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक जण आपल्या पत्रकावर पहिलं चित्र तेच टाकतो. कास बाग नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात आलं. फुलांच्या दिवसांत तिथे रोज किती लोक सोडायचे याला मर्यादा आहे, आधी ऑनलाइन नोंद करावी लागते, आणि वाट सोडून पाऊल टाकायचं नाही. वीस मुलं घेऊन जाणार असाल तर ‘हात पाठीमागे, फक्त डोळे’ हा नियम पालकांना आधी लिहून द्या. ज्या मुलाने चार महिने एक झेंडू वाढवलाय त्याला हे समजावं लागत नाही. म्हणून कासची सहल उपक्रमाच्या शेवटाकडे ठेवा, सुरुवातीला नको.

जागा: एक गुंठा पुरे

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका मुलाला तीन बाय चार फुटांचा वाफा दिला तर सोळा मुलांना १९२ चौरस फूट लागतात. वाटा, रोपांची जागा, हात धुवायची जागा, बसायला सावली धरून एका गुंठ्यात दोन तुकड्या मावतात. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नका. मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोहोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात पाय देणारच.

शहरापासून लांब, निसर्गरम्य वगैरे जागा शोधू नका. दर पंधरा दिवसांनी मुलाला सोडायला-न्यायला येणारा बाप पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी चालवणार नाही. शहरालगतचा मळा, बंगल्यामागची मोकळी जागा, सोसायटीचा पडीक कोपरा, हे जास्त चांगलं.

सांगलीत नदीकाठची मळीची जमीन स्वस्तात मिळेल, माती तर सोन्यासारखी. तरी पावसाळी तुकडीसाठी घेऊ नका. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेने जुलै-ऑगस्टमध्ये काय केलं ते तुम्ही बघितलंय. हिवाळ्यासाठी तीच जमीन बिनधास्त घ्या.

अवजारं खेळण्यातली प्लॅस्टिकची घेऊ नका, पहिल्या ढेकळाला मोडतात. गावातल्या लोहाराकडून लहान मुठीची खुरपी करून घ्या, धार थोडी मारून. दुकानात मिळणार नाही, आणि मूल ती हातात घेतल्यावर जे सरळ होऊन बसतं ते बघण्यासारखं असतं.

इथे तडजोड नाही

हा भाग घाईत वाचू नका. तुम्ही दुसऱ्याची मुलं सांभाळणार आहात. एक अपघात, आणि व्यवसाय संपलाच, पण ते सगळ्यात छोटं नुकसान असेल.

सगळ्यात मोठा धोका साप नाही, पाणी आहे. शेततळं आणि विहीर. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, आत घसरलेलं मूल कडेला धरूच शकत नाही. पोहता येणारा मोठा माणूसही वर येताना थकतो. तुमच्या जागेपासून मुलाच्या पळण्याच्या अंतरात उघडं पाणी असेल तर ती जागा घेऊ नका. कुंपण करू, लक्ष ठेवू, असं म्हणून घेऊ नका. दुसरी जागा मिळते.

दुसरा धोका फवारणी. तुमच्या वाफ्यात तुम्ही काही मारणार नाही हे ठीक, पण बांधापलीकडे द्राक्षबाग असेल तर वारा कुणाचा? शेजारच्या शेतकऱ्याशी आधी बोला, त्याच्या फवारणीचे दिवस विचारा, तुमचा रविवार त्याला सांगा. बहुतेक जण ऐकतात. औषधाचे रिकामे डबे आणि बाटल्या रानात पडलेल्या असतात, मुलं त्यात पाणी भरतात. दर वेळी मुलं यायच्या आधी स्वतः फेरी मारून त्या उचला. ‘द्राक्षबागेची सफर’ ठेवायची असेल तर बागायतदाराकडून शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते नीट विचारून घ्या, आणि मण्याला न धुता तोंड नाही.

साप येणारच, रान आहे. मुलांच्या पायात बूट, पाचटाच्या ढिगात हात नाही, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार चित्रावरून ओळखता आले पाहिजेत. ओळख लांब राहण्यासाठी, पकडण्यासाठी नाही. साप पकडून दाखवणारा ‘सर्पमित्र’ कार्यक्रमाला बोलावण्याचा मोह होतो, गर्दीही जमते. करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो तुम्हालाही लागू आहे. चावलाच तर दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. सगळ्यात जवळचा कोणता दवाखाना रविवारी उघडा असतो आणि तिथे सापाची लस आहे का, हे पहिल्या तुकडीच्या आधी स्वतः जाऊन विचारून या.

गाजर गवताने काही मुलांच्या अंगावर पुरळ येतं, ते आधी उपटून टाका. आग्या मोहोळ जवळ असेल तर तो रविवार रद्द. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, मुलाला न्यायला कोण येणार, हे तीन प्रश्न नावनोंदणीच्या फॉर्मवर हवेतच. मदतनीस ओळखीतला घ्या, त्याची चौकशी करा, आणि कोणतंही मूल कुणाही एका मोठ्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही असा नियम करा, तो स्वतःलाही लावा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. स्टेटसलासुद्धा नाही.

हिशोब

आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पद्धत बघा. आठ रविवारांची पावसाळी तुकडी, फी २,४०० रुपये. मुलं कितीही आली तरी होणारा खर्च असा धरू: चार महिन्यांचं जागेचं भाडं ४,०००, मदतनीस आठ दिवस ५०० प्रमाणे ४,०००, मधल्या दिवसांची खुरपणी-देखभाल ३,०००, प्रथमोपचार आणि विमा १,५००, पत्रकं १,०००. एकूण १३,५००. शिवाय प्रत्येक मुलामागे बी-खत-पिशवी २५० आणि खाऊ दर वेळी ३० प्रमाणे २४०, म्हणजे ४९०.

एका मुलाच्या फीतून तुमच्या हातात १,९१० उरतात. सात मुलं आली तर १३० रुपये तोटा. आठ आली तर १,७८० शिल्लक. सोळा आली तर १७,०६०. म्हणजे आठवं मूल येईपर्यंत तुकडी सुरू करायची नाही, आणि सोळाव्याला थांबायचं. सतरावं मूल घेतलं तर दुसरा मदतनीस लागतो आणि तुमचं लक्ष फुटतं. त्यापेक्षा शनिवारची दुसरी तुकडी काढा. तिला जागा, देखभाल, विमा, पत्रकं तीच, फक्त मदतनिसाचे ४,००० जादा. ती भरली तर तिच्यातून २६,५६० उरतात. खरा पैसा दुसऱ्या तुकडीत आहे.

दोन्ही तुकड्या भरल्या तर एका हंगामाचे ४३,६२० रुपये. तुमच्या स्वतःच्या कष्टाचे पैसे त्यातच आले. यावर पहिल्या वर्षी घर चालणार नाही, मी उगाच स्वप्न दाखवणार नाही. नोकरी किंवा दुसरा धंदा असताना हे सुरू करण्यासारखं आहे.

"सर, लोन मिळेल का?" मिळेलही. घेऊ नका. ज्या धंद्याला सुरुवातीला वीस हजारांच्या आत लागतात, आणि निम्मी फी आगाऊ येते, त्याला हप्ता कशाला लावता?

कागदपत्रं थोडी आहेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत सेवांवर जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. खाऊ स्वतः करून देणार असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी करा. पुढे स्वतःच्या शेतावर मोठं करायचं असेल तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, शाळांच्या सहलींसाठी जमिनीच्या अटी आहेत, त्या आधी वाचा आणि मगच शेड बांधायला घ्या. उलटं करणारे बरेच आहेत.

पहिली आठ मुलं आणि शाळा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, असं आहे, आणि ज्यांच्याकडून शिकायचं त्या स्थानिक कारागिरांमध्ये सुतार-कुंभारांबरोबर माळ्याचंही नाव आहे. आपल्या राज्यात आनंददायी शनिवारही आलाय. म्हणजे शाळांचं दार उघडं आहे. पण सुरुवात शाळेपासून करू नका. शाळेत निर्णय समितीत होतो, पैसे उशिरा येतात, आणि एकदम साठ मुलं समोर येतात. आधी आठ कुटुंबं. दसऱ्याला त्या आठ मुलांच्या भुईमुगाच्या वेलासकट मुख्याध्यापकांना भेटा, मग पत्रक दाखवायची गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही बिझनेस प्लॅनमध्ये लिहिलेली नसते. रोपं मरतात. एखाद्या मुलाचा अख्खा वाफा गोगलगायी खाऊन टाकतात. जादा रोपं तयार ठेवा, पण रविवारच्या आधी गुपचूप बदलू नका. पोरांना कळतं. आपल्या रोपाचं तिसरं पान कुठल्या बाजूला होतं हे त्यांना पाठ असतं. मेलेलं रोप तसंच दाखवा, मुळं उपटून बघू द्या, का मेलं ते शोधू द्या, मग नवं लावायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. पालकांनाही पहिल्याच दिवशी सांगा की काढणीची हमी नाही, दर पंधरा दिवसांनी मूल काय बघेल त्याची हमी आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांची फी तिथेच परत करा.

हे तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये वाचत असाल तर वेळ अगदी बरोबर आहे. जागा बघा, पाण्याचं आणि दवाखान्याचं तपासा, एका वाफ्यात स्वतः माठ पेरून पाणी किती लागतं ते मोजा. मे महिन्यात कुटुंबांना भेटायचं, मृग निघाल्यावर पाऊस बघून पेरणीचा रविवार ठरवायचा. पावसाळ्यात वाचत असाल तर घाई करून अर्ध्यातून सुरू करू नका, नवरात्रात तीन घटांचा एक दिवस ठेवा आणि हिवाळी तुकडीची नावं तिथे घ्या. आणि सांगलीकरांनो, बियाण्याची हळद हंगामाच्या तोंडाशी शोधायला गेलात तर उरलेसुरले गड्डे मिळतात. ओळखीच्या शेतकऱ्याला फेब्रुवारीतच सांगून ठेवा आणि आणल्यावर सावलीत पाल्याखाली झाकून ठेवा.